शेतात हात किती, ते आधी मोजा

वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की १९८४ ते २०१७ मी आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात विविध कार्यकारी सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचा, गटसचिव होतो. गावात अजून मला 'सेक्रेटरी' म्हणूनच हाक मारतात. आता निम्मा आठवडा हडपसरला मुलीकडे असतो आणि निम्मा गावी, अडीच एकरांत. पत्र लांबलं तरी चालेल, पण क्षेत्र किती, पाणी कशाचं आणि घरात कामाची माणसं किती, हे लिहायला विसरू नका. त्याशिवाय मला उत्तर सुचत नाही.

काका, मी २७ वर्षांचा आहे. चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे, हातात १८ हजार पडतात. गावी साडेतीन एकर बागायत, डिंभे धरणाच्या कालव्याचं पाणी. वडिलांचे गुडघे गेलेत. शेत आई आणि बायको बघतात, मी रविवारी जातो. मागच्या वर्षी एकरभर टोमॅटो आणि दीड एकर कांदा केला. टोमॅटोत दीड लाख गेले. आजूबाजूला सगळा ऊस झालाय. सगळ्याच रानात ऊस लावून मोकळं व्हावं का? एकदा मोकळा झालो की नोकरीत तरी नीट लक्ष घालता येईल. (आंबेगाव तालुका)

बाळा, 'मोकळं' हा शब्द तुझ्या पत्रात दोनदा आलाय. ऊस किती टन निघेल हे तू विचारलेलंच नाहीस. म्हणून आधी या मोकळं होण्याबद्दलच बोलू.

सोसायटीत दर वर्षी कमाल मर्यादा पत्रक करावं लागायचं. सभासदाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, आणि त्या पिकावर बसणारं कर्ज. १९८४ साली मी पहिलं क. म. पत्रक लिहिलं, तेव्हा पिकाच्या रकान्यात बाजरी, भुईमूग, बटाटा आणि थोडा कांदा असायचा. ऊस होता तो नदीकाठच्या दहा-बारा नावांपुढे. २०१७ साली शेवटचं पत्रक केलं, तेव्हा निम्म्याहून जास्त नावांपुढे ऊस. लोक म्हणतात, धरणाचं पाणी आलं म्हणून ऊस आला. पाण्याशिवाय तो आलाच नसता, हे खरंच. पण त्याच पाण्यावर कांदा येतो, टोमॅटो येतो, फ्लॉवर येतो. मग या घराने ऊस का धरला आणि बांधापलीकडच्या घराने का नाही? मी माणसं ओळखत होतो, म्हणून मला ते दिसायचं. वहीत पीक बदलायच्या वर्ष-दोन वर्षं आधी त्या घरातलं माणूस कमी झालेलं असायचं. थोरला चाकणला लागला. धाकट्याने रांजणगावला खोली घेतली. म्हातारा गेला. भाऊ वेगळे निघाले आणि चौघांचं काम एकट्यावर आलं. पुढच्या हंगामाला त्या नावापुढे ऊस.

म्हणून ऊसवाल्याला आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या घरात हात उरले नाहीत, त्या घराने धरलेलं ते पीक आहे.

आता टोमॅटोचं. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात २० किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. त्या महिन्यात ज्यांचा माल होता त्यांची घरं उभी राहिली, ट्रॅक्टर आले. सप्टेंबर उजाडला आणि त्याच वर्षी टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतायची वेळ आली. लोकांच्या डोळ्यांसमोर मात्र जुलैच राहिला. तुझ्याही राहिला असणार, त्यात तुझा दोष नाही. पण टोमॅटोला काय लागतं ते बघ. बांबू, तार, सुतळी, मल्चिंग, रोपं हा पैशाचा खर्च वेगळाच. झाडं बांधायची, चार-पाच दिवसांनी फवारणी, आणि तोडा सुरू झाला की दोन महिने दिवसाआड किंवा तिसऱ्या दिवशी तोडणी. आमच्या घरी टोमॅटो असायचा तेव्हा आईच्या बोटांना झाडाचा हिरवट काळा थर बसायचा. साबणाने तो जात नाही. एक कच्चा टोमॅटो फोडून बोटांवर चोळायचा, मग पाण्यात हिरवा रंग सुटतो. रात्री भाकरी थापायच्या आधी ती रोज हेच करायची. तुझी आई आणि बायको मागच्या वर्षी तेच करत असतील. दीड लाख गेले असं तू लिहिलंस. त्या दोघींचे दिवस किती गेले ते लिहिलं नाहीस. रोजंदारीने मोजलेस तर तोटा दीड लाखाच्या बराच पुढे जाईल.

तेव्हा टोमॅटो सोड. घरातलं एक जाणतं माणूस पूर्ण वेळ रानात असेल, तेव्हाच पुन्हा त्याचा विचार कर.

उसाचा हिशोब असा. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा सरकारी किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये होती, म्हणजे टनाला ३,५५०. उतारा जास्त असला की थोडे वाढतात आणि मग त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हातात टनाला २,८०० धर. 'सुरू', म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या, उसाचं एकरी ४५ टन निघालं, तर सव्वा लाख. नांगरट, बेणं, खतं, बांधणी, पाणीपट्टी मिळून ६५ हजारांच्या आसपास जातात. एकराला ६० हजार उरले. खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला) टन कमी पडतं, पण खर्चही निम्म्यावर येतो, त्यामुळे उरतात तेवढेच. साडेतीन एकर म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या थोडे वर. तुझा चाकणचा वर्षाचा पगारही तेवढाच. आडसाली लावलास तर टन वाढेल, पण ते पीक सोळा-अठरा महिने रानात असतं. लोक त्याचे पैसे एका वर्षाचे म्हणून मोजतात, तसं करू नको.

एवढं बघितलं तर सगळं रान उसाखाली घालावं असंच वाटेल. मी नको म्हणतोय. पैसे दोन ठिकाणांहून येतील, पण दोन्हीकडे देणारा दुसराच कोणीतरी असेल. कंत्राटदाराने सात महिन्यांनी ब्रेक दिला आणि त्याच वर्षी तोड लांबली, तर घरात विकायला काही नाही. तोडीला उशीर झाला की उसाला तुरा येतो, वजन घटतं. ऊसतोड टोळीच्या मुकादमाला वर पैसे दिल्याशिवाय कोयता लागत नाही, हे तुझ्या गावातही चालतच असेल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. नियम चांगला आहे. पण माझ्या सभासदांना मी मार्चअखेरीला कारखान्याच्या बिलाची वाट बघत सोसायटीच्या पायरीवर बसलेलं पाहिलंय. बिल आलं नाही की कर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडून नवं उचलणं) होत नाही, आणि मुदतीत फेड झाली नाही की तीन लाखांपर्यंतची शून्य टक्क्याची सवलत जाते.

दुसरी गोष्ट बिबट्याची. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात उसातच त्याची पिल्लं जन्मतात, उसातच वाढतात. शिरूरकडे बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाताना सगळ्या महाराष्ट्राने पाहिल्या. आई आणि बायको रानात, वडील गुडघ्यांमुळे अंगणात, आणि वीज रात्रीची असेल तर पाणी द्यायला जाणार कोण? घराच्या चारी बाजूंनी उंबऱ्यापर्यंत ऊस लावू नको. निदान दहा-बारा गुंठे मोकळं रान ठेव. त्यात मेथी, घास, भुईमूग, काहीही कमी उंचीचं कर. टनात थोडं कमी आलं तरी चालेल. हे माझं तुला कळकळीचं सांगणं आहे.

मी तुझ्या जागी असतो तर दोन एकर ऊस केला असता, तोही दोन तुकड्यांत. एकात पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरची) लागण, दुसऱ्यात खोडवा, म्हणजे दोन्हीची तोड एकाच वेळी अडणार नाही. पाचट (उसाचा वाळका पाला) पेटवू नको, कुजू दे. एकरभर गरवा (रब्बी) कांदा. उरलेल्या अर्ध्या एकरात घराभोवतीचं मोकळं रान आणि चारा. कांद्याला हात लागतात, पण ते ठरलेल्या दिवसांत. लागण डिसेंबर-जानेवारीत, काढणी एप्रिलमध्ये. लागण उक्ती (ठरावीक रकमेला) देता येते. मागच्या हंगामात मी एकराला १२ हजार मोजले. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचं भीमा शक्ती किंवा भीमा किरण वाण लाव, कांदा साठवायच्या चाळीत टिकतं. आणि कांदा एका दिवशी विकू नको. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये उघडली ती शुल्क ठेवूनच, आणि शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. त्या वीस महिन्यांत आमच्या मंचरच्या बाजारात दहा किलोचा भाव कधी दिल्लीमुळे पडला आणि कधी पावसामुळे, हे शेतकऱ्याला कळायचंदेखील नाही. म्हणून काढणीला एक हिस्सा विक, जूनमध्ये एक, आणि राहिलेला पोळ्याच्या आसपास. गोल्टी (बारीक कांदा) आणि बदला (खराब माल) आधी काढून टाक, तो चाळीत चांगल्या मालाला खातो.

१९८० च्या सुमारास माझे वडील चाकणच्या कांदा आंदोलनात रस्त्यावर बसले होते. शेतकरी संघटनेचे शरद जोशी तेव्हा शेजारच्या आंबेठाणला राहून शेती करत होते. वडील सांगायचे, आम्ही भाव मागत होतो, भीक नाही. ज्या रस्त्यावर ते बसले, त्याच रस्त्यावर आज तू कंपनीच्या बसची वाट बघत उभा असतोस. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. त्या नोकऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या हजारो घरांची देणी फिटली, मी ती माझ्या हाताने जमा करून घेतली आहेत. पण नोकरी कंत्राटी आहे तोवर रानातलं एक पीक तरी आपल्या हाताने, आपल्या दिवशी विकता येईल असं ठेव.

एक राहिलं. तुझ्या पत्रात बायकोचं मत कुठेच नाही. साडेतीन एकर आज तीच चालवते. हे उत्तर तिला वाचून दाखव आणि ती काय म्हणते ते मला कळव. ती दोन एकर कांदा म्हणाली, तर माझं खोडून तिचं धर.

आमचं माहेर हवेली तालुक्यात, रिंग रोडच्या आखणीला लागून सात एकर जमीन. वडील २०१९ मध्ये वारले. आजी-आजोबा आधीच गेले. आम्ही दोघंच, भाऊ आणि मी. माझं लग्न २००१ ला झालं. भाऊ म्हणतो हक्कसोडपत्र करून दे, पाच लाख देतो. आई म्हणते, सही केली नाहीस तर माहेर तुटेल. मी धायरीला राहते, नवऱ्याची छोटी नोकरी आहे. (एक बहीण)

ताई, तुमचं पत्र मी तीन दिवस बाजूला ठेवलं होतं, कारण त्यात माझाही थोडा हिशोब आहे. गटसचिव गावातलं लिहितं-वाचतं माणूस. हक्कसोडपत्राला साक्षीदार हवा की मला बोलावणं यायचं. बहिणी नवं लुगडं नेसून यायच्या. कार्यालयाबाहेर भाऊ सगळ्यांना चहा-भजी द्यायचा आणि सही करून ती माहेरीच मुक्कामाला जायची. मी वीस-पंचवीस वेळा तरी साक्षीदार म्हणून सही केली असेल. त्या काळी ती सोडायची ते बाजरीचं रान, वर्षाला चार पोती. आता त्याच गटांचे भाव गुंठ्यावर बोलले जातात. त्यातल्या दोघी आज लोकांच्या घरी स्वयंपाकाला जातात. मी तेव्हा एकदाही विचारलं नव्हतं, ताई, काय सोडतेस ते तुला माहीत आहे ना? त्याची मला खंत आहे. म्हणून तुम्हाला विचारतो.

कायदा सोपा आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तोही भेद काढला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडील कधी वारले यावर मुलीचा हक्क अडत नाही. तुमच्या बाबतीत तर वडील २०१९ ला गेले, शंकेला जागाच नाही. जमीन वडिलोपार्जित असली तरी आई, भाऊ आणि तुम्ही यांचा प्रत्येकी एक-तृतीयांश येतो. वडिलांची स्वकष्टाची असली आणि मृत्युपत्र नसलं, तरी तेवढाच. दोन्ही वाटांनी हिशोब एकच. आईचाही तेवढाच वाटा आहे हे लक्षात घ्या. बऱ्याचदा पहिली सही आईचीच घेतात.

उद्याच्या उद्या करायचं ते हे: सातबारा आणि वारस नोंदीचा फेरफार ऑनलाइन काढा आणि त्यात तिघांची नावं आहेत का ते बघा. नसतील तर तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या. भूसंपादनाचा पैसा नोंदीवरच्या नावांकडे जातो. नाव नसेल तर भूसंपादन अधिकाऱ्याकडे लेखी हरकत नोंदवा. पैसा वाटून गेल्यावर धावपळ करून फार थोडं हाती लागतं. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदलं की ते परत फिरवणं फार अवघड, त्यामुळे कोणी 'आज मुहूर्त आहे' म्हटलं तरी जाऊ नका.

आता भावाचं. तो वाईट आहे असं मला पत्रावरून वाटत नाही. रान त्याने कसलंय, विहीर त्याने खोदली असेल, आईला तोच सांभाळतो. त्याचे हात त्या जमिनीत आहेत, तुमचे नाहीत. ते मोजलं गेलंच पाहिजे. म्हणून मी तुम्हाला तिसरा हिस्सा घ्याच असं सांगत नाही. आकडा काढा. जमिनीचा आजचा भाव लावून तुमच्या हिश्शाचे किती होतात ते कागदावर येऊ द्या, मग त्यातून काय सोडायचं ते तुम्ही ठरवा. विहीर आणि घराचं रान भावाला, रस्त्याकडचा एकर तुम्हाला, अशीही वाटणी होते. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारासमोर ती करता येते. पाच लाख हा आकडा मात्र आधी ठरवून तुमच्यासमोर ठेवलेला आहे. जमिनीचा भाव काढून तो आलेला नाही.

आणि वहिनीलाही विचारात घ्या. पहाटे गोठा, दुपारी खुरपणी तीच करत असणार आणि तिचंही नाव सातबाऱ्यावर नसणार. १९९२ सालचा लक्ष्मीमुक्तीचा शासन आदेश आहे, नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. वाटणीच्या बैठकीत तुम्हीच ही गोष्ट काढा. नणंद आपलं मागताना भावजयीचंही मागते, असं एका घरात मी पाहिलंय. त्या घरातलं माहेर आजही टिकून आहे. राखीला दोघी एकमेकींकडे जातात.

आईला सांगा, सही न केल्याने माहेर तुटत नाही. बोलणं थांबलं की तुटतं. तुम्ही बोलत राहा, दर पंधरा दिवसांनी जात राहा, डबा घेऊन जा.

मी कोथरूडला राहते. शेतकरी टीव्हीवर सांगतो की टोमॅटोला किलोला आठ रुपये मिळाले. मला त्याच आठवड्यात तीसने घ्यावा लागला. मधले बावीस कोण खातो?

माझीच एक जुनी पट्टी, म्हणजे बाजारातल्या विक्रीची पावती, समोर आहे. वीस क्रेट, क्रेटला १६०, एकूण ३,२००. हुंडेकऱ्याचं (माल बाजारात नेणाऱ्या गाडीवाल्याचं) भाडं क्रेटला ३० गेलं, हमाली वगैरे पाच, आणि घरी तोडणाऱ्या बायकांची मजुरी क्रेटमागे पंचवीस. राहिले १००, म्हणजे किलोला पाच. खत, औषध, बांबू यातूनच. २०१६ पासून भाजीपाल्याची आडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतात, नाहीतर याहूनही कमी राहिले असते.

पुढचं तुमच्या बाजूचं. तुमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला पहाटे तीनला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो, दोनच क्रेट घेतो, टेम्पोत चौघांसोबत जागा भाड्याने घेतो. क्रेटमधला खालचा माल दबलेला निघतो. संध्याकाळपर्यंत पाव हिस्सा मऊ पडतो, तो निम्म्या भावात जातो किंवा गाईला. मधे एकच मोठा चोर बसलाय असं मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. मधे पुष्कळ माणसं आहेत, आणि त्यातले बरेच माझ्यासारख्याच गावांतून आलेले आहेत. टोमॅटोला तीन दिवसांची घाई असते, आणि भाव पडला तरी ही मधली मजुरी कमी होत नाही. म्हणून भाव पडला की सगळी पडझड एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर येते.

तुम्ही काय कराल? तुमच्या भागात शेतकरी आठवडे बाजार भरत असेल तर तिथून घ्या. स्वस्त असेल त्या आठवड्यात पाच किलो घेऊन प्युरी करून ठेवा. आणि महाग झाला की महिनाभर चिंच-कोकम वापरा, पण 'शेतकरी आता लुटायला लागला' असं कोणी म्हटलं तर त्यांना ही पट्टी सांगा.

माझा मुलगा २९ वर्षांचा. बारा गाई आहेत, आठ दुधात, दिवसाला १२० लिटर जातं. तीन एकर रान. दोन वर्षं स्थळं बघतोय. मुलीकडचे विचारतात, पुण्यात नोकरी आहे का? आणि वर, शेतीही पाहिजे. नातेवाईक म्हणतात गोठा विकून रांजणगावला लाव, लग्न होईल. मन मानत नाही. (शिरूर तालुका)

ताई, गोठा विकू नका. आधी हिशोब मांडू. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन पदार्थांना) लिटरमागे ३३ रुपये धरले तर दिवसाला ३,९६०. पेंड, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), चारा, डॉक्टर मिळून दोन-तृतीयांश जातात. दिवसाला तेराशेच्या आसपास राहतात, महिन्याला ३९ हजार. गाईचं कर्ज असेल तर हप्ता वजा करा. रांजणगावला नव्या मुलाला इतके कोणी देणार नाही. दुधाचा भाव पडतो, हे खरं. २०२४ मध्ये इतका पडला की सरकारला लिटरला आधी पाच आणि मग सात रुपये अनुदान द्यावं लागलं. २०२२ च्या लम्पीत किती दावणी रिकाम्या झाल्या ते तुम्ही पाहिलंच असेल. म्हणून गाईंचा विमा आणि दोन महिन्यांच्या पेंडीचे पैसे बाजूला हवेतच. पण धंदा मोडण्यासारखा नाही.

मुलीकडच्यांचा मला राग येत नाही. त्यांची भीती खरी आहे. त्या आईने स्वतः तीस वर्षं शेण काढलेलं असतं, तिला आपल्या लेकीचे हात त्यात जायला नको असतात. 'नोकरी आहे का' या प्रश्नात खरा प्रश्न हा असतो: पहाटे चारला कोण उठणार? तुमच्या घरी आज कोण उठतं, हे तुम्ही लिहिलं नाही. तुम्हीच उठत असणार.

तेव्हा स्थळं दोन महिने थांबवा आणि गोठ्याकडे बघा. मिल्किंग मशीन नसेल तर घ्या. मुक्त गोठा करा, म्हणजे गाई मोकळ्या फिरतात आणि रोज दोनदा शेण उचलावं लागत नाही. मुरघास एकदाच भरून ठेवलं की रोजची कापणी-कुट्टी वाचते. घरात संडास-न्हाणी आत आणि नळाला पाणी, हे आधी करा. मुलाच्या नावाने दुधाचा पगार बँकेत जाऊ द्या, तीन वर्षं विवरणपत्र भरा. मग मुलीच्या वडिलांसमोर पगाराची स्लिप ठेवावी तसं ते ठेवता येतं. आणि मुलाला सांगा, बघायला आलेल्या मुलीला दिवाणखान्यात बसवून पाठवू नको, गोठा दाखव. कोणतं काम मशीन करतं, कोणतं तो करतो, आणि तिच्याकडून काय अपेक्षा आहे ते तिथेच स्पष्ट बोलायचं. तिला नोकरी करायची असेल तर करू देणार का, याचं उत्तर तुम्ही दोघांनी आधी ठरवून ठेवा. ते मला सांगू नका, तिला सांगा.

पुढच्या पत्रासोबत मागच्या तीन दहा-दिवसांच्या पगारांच्या पावत्या आणि पेंडीच्या दुकानाची बिलं पाठवा. कोणती गाय खाते जास्त आणि देते कमी, ते आपण त्यातून काढू. बारातल्या दोन तरी तशा निघतील असं मला वाटतं, आणि त्या गेल्या की तुमचे पहाटेचे हात तेवढे मोकळे होतील.